शिबिरानंतरचा तास

दहा दिवसांचे विपश्यना शिबिर अकराव्या दिवशी सकाळी संपते. निघण्यापूर्वीच्या शेवटच्या प्रवचनात घरी काय करायचे ते साधकांना सांगितले जाते. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायचे. झोपण्यापूर्वी व जाग आल्यावर अंथरुणातच पाच-पाच मिनिटे द्यायची. आठवड्यातून एकदा इतर साधकांबरोबर सामूहिक साधना करायची आणि वर्षातून एकदा पुन्हा दहा दिवस काढायचे. ऐकताना हे सोपे वाटते, कारण ऐकणारा माणूस गेले दहा दिवस रोज दहा-साडेदहा तास बसलेला असतो. त्याच्या लेखी दोन तास म्हणजे सवलतच. घरी परतल्यावर पंधरा-वीस दिवसांत त्याच दोन तासांचे ओझे वाटू लागते. आधी संध्याकाळची बैठक सुटते, मग सकाळची अर्ध्या तासावर येते, आणि एखादे लग्नकार्य, आजारपण किंवा प्रवास आला की तीही थांबते.

हे का होते ते समजण्यासाठी शिबिराची घडण पाहावी लागते. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून शिबिरे भरतात, आणि तिथले वेळापत्रक जगभरच्या केंद्रांवर जवळजवळ जसेच्या तसे पाळले जाते. पहाटे चारला घंटा होते. साडेचार ते साडेसहा बैठक, मग न्याहारी. आठला पहिली सामूहिक साधना, अकराला जेवण, अडीचला दुसरी सामूहिक साधना, पाचला चहा, सहाला तिसरी सामूहिक साधना. सातला प्रवचन आणि साडेनऊला दिवे मालवायचे. मोबाइल पहिल्याच दिवशी जमा झालेला असतो. पुस्तक, वही, पेन काही जवळ नसते. आर्य मौन असल्याने कोणाला उत्तर द्यावे लागत नाही की कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. जेवण धम्मसेवकांनी, म्हणजे सेवा द्यायला आलेल्या जुन्या साधकांनी, रांधलेले असते. कधी बसायचे, कुठे बसायचे, किती वेळ बसायचे हे सगळे आधीच ठरलेले असते, आणि खोलीत रेंगाळलेल्या साधकाला बोलवायला धम्मसेवक दारापर्यंत येतो. थोडक्यात, साधकाला दिवसभरात एकही निर्णय घ्यावा लागत नाही.

घरी आल्यावर बसायचे की नाही हा निर्णय रोज दोनदा घ्यावा लागतो. साधना सुटली की माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीला बोल लावतो, पण शिबिरातही इच्छाशक्तीच्या जोरावर फारसे काही चाललेले नसते. तिथे व्यवस्था काम करत होती. ती व्यवस्था इगतपुरीलाच राहते आणि साधक फक्त विधी घेऊन घरी येतो. त्यामुळे शिबिरानंतरचे पहिले काम म्हणजे घरात, आहे त्या जागेत आणि आहे त्या माणसांत, छोटीशी का होईना पण व्यवस्था उभी करणे.

शिबिराच्या रचनेतही या परतीची थोडी तयारी केलेली असते. दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सर्वांचे भले चिंतण्याची साधना, शिकवली जाते आणि त्यानंतर मौन सुटते. उरलेला दिवस बोलण्यात जातो. नऊ दिवसांच्या शांततेतून थेट कसारा लोकलच्या गर्दीत पडू नये म्हणून ही मधली पायरी आहे. पण एका दिवसाची पायरी ती केवढी! पहिला आठवडा तरी मोठी बोलणी, प्रवास आणि पाहुणे शक्य तेवढे टाळावेत, हे जुने साधक नव्यांना आवर्जून सांगतात.

ही साधना संसार आणि नोकरी सांभाळून करायची नाही, ती संन्याशांनीच करावी, असा समज अजूनही ऐकू येतो. या परंपरेचा अलीकडचा इतिहास त्याच्या अगदी उलट आहे. ब्रह्मदेशातले लेडी सयाडो (१८४६-१९२३) हे भिक्खू होते, पण त्यांच्यापासून चालत आलेली ही शाखा पुढे गृहस्थांच्या हाती गेली. सया थेटजी शेतकरी होते. सयाजी ऊ बा खिन (१८९९-१९७१) सरकारी हिशेब खात्यात होते. देश स्वतंत्र झाल्यावर, १९४८ मध्ये ते महालेखापाल झाले, आणि पुढे एकाच वेळी अनेक खात्यांची जबाबदारी सांभाळत त्यांनी कचेरीतल्या लोकांना साधना शिकवली. १९५२ मध्ये रंगूनला त्यांनी साधना केंद्र काढले. सत्यनारायण गोयंका (१९२४-२०१३) हे व्यापारी. अर्धशिशीने हैराण होऊन ते १९५५ मध्ये ऊ बा खिन यांच्याकडे गेले, आणि त्यानंतर चौदा वर्षे घर, धंदा आणि साधना एकत्र चालवून जुलै १९६९ मध्ये त्यांनी मुंबईत भारतातले पहिले शिबिर घेतले. सकाळ-संध्याकाळ एकेक तासाचा नियम अशा लोकांच्या परंपरेतून आलेला आहे. तो मठातल्या दिनक्रमाचा तुकडा नाही.

तरीही मराठी घरातली सकाळ म्हणजे काय, हे तो नियम पाळणाऱ्यालाच ठाऊक. पाच वाजता नळाला पाणी येते आणि सहाला जाते. साडेसहाला मुलांचे डबे, सातला शाळेची रिक्षा, साडेसातला लोकल. या घरात पहाटेचा तास काढायचा तर तो रात्रीच काढून ठेवावा लागतो. दहाला झोपणाऱ्याला साडेचारला उठता येते, बाराला झोपणाऱ्याला येत नाही. गजर कितीही मोठा लावला तरी. सकाळच्या बैठकीचा खरा प्रश्न आदल्या रात्रीच्या मोबाइलचा असतो. त्यातही घरातला पुरुष बसला तर ‘बाबा ध्यानाला बसलेत, आवाज करू नका’ असे मुलांना बजावले जाते. बाई बसली तर कुकरची शिट्टी मोजायला दुसरे कोणी लागते, आणि ते दुसरे कोणी आपोआप मिळत नाही. म्हणून घरच्यांशी आधी बोलून घेणे हा साधनेचाच भाग समजावा. कोणत्या वेळी दार लोटलेले असेल, त्या वेळात फोन कोण घेईल, दूध कोण तापवेल, हे एकदा मोकळेपणाने ठरले की रोजची कुरबुर वाचते. जे घरच्यांना न सांगता, चोरून वेळ काढून बसतात, त्यांचे बसणे फार दिवस टिकत नाही.

जागा ठरलेली असावी. वेगळी खोली क्वचितच कोणाकडे असते आणि तिची गरजही नाही. पलंगाच्या बाजूची दोन फूट जमीन पुरते. तिथे घडी घातलेली सतरंजी किंवा आसन आणि त्यावर छोटी उशी अंथरलेलीच राहू द्यावी. रोज कपाटातून काढायची झाली की तेवढेच निमित्त पुरते. कंबर गुडघ्यांपेक्षा चार बोटे उंच राहिली तर पाठ सहज ताठ राहते. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसावे. शिबिरातही वयस्करांना खुर्ची मिळते. भिंतीला टेकणे मात्र शक्यतो टाळावे, कारण टेकले की डोळा लागतो.

सवय कशी लागते यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९६ जणांनी बारा आठवडे एकेक नवी गोष्ट रोज ठरावीक प्रसंगी करून पाहिली. ती गोष्ट विचार न करता होऊ लागायला लागलेला काळ मध्यकाच्या हिशेबाने ६६ दिवसांचा निघाला; पण व्यक्तीव्यक्तीत फरक मोठा होता, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत (बारा आठवड्यांपुढचे आकडे नोंदींवरून काढलेले अंदाज). त्यातही पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर मुरली आणि व्यायामासारखी कष्टाची सवय लागायला जास्त वेळ गेला. तासभर स्तब्ध बसणे हे कष्टाच्या बाजूलाच पडणार. म्हणजे दोन-तीन आठवड्यांत बसणे अंगवळणी पडले नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट साधकाच्या कामाची आहे : एखाद्या दिवशी खंड पडला म्हणून सवय लागण्यात म्हणण्यासारखा अडथळा आला नाही. जी बैठक मोडते ती एका चुकलेल्या दिवसाने मोडत नाही, त्या दिवसानंतर मनात जो निकाल लावला जातो त्याने मोडते.

वेळेपेक्षा प्रसंग धरून ठेवणे अधिक उपयोगी पडते. ‘रोज पाच वाजता बसेन’ यापेक्षा ‘तोंड धुतले की चहापूर्वी बसेन’ हे ठरवणे टिकाऊ असते, कारण तोंड सुट्टीच्या दिवशीही धुतले जाते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी अशा ‘अमुक झाले की तमुक करेन’ स्वरूपाच्या ठरावांवर बरेच संशोधन केले. नुसत्या इच्छेपेक्षा असे नेमके ठराव जास्त वेळा अमलात येतात, असे त्यांना आढळले. संध्याकाळच्या बैठकीला तर हे फारच लागू पडते. कचेरीतून आल्यावर हातपाय धुवून सरळ आसनावर बसले तर बसले. आधी सोफ्यावर टेकले, चहा झाला, टीव्ही लागला, की तो तास गेला. जेवल्यावर बसू म्हणणारा बहुधा डुलक्या काढतो. ज्यांना प्रवासातच आठ वाजतात त्यांनी जेवण अर्धा तास पुढे ढकलावे, हे घराला पटवणे सोपे नसले तरी.

आता प्रत्यक्ष बैठक. शिबिरात साडेतीन दिवस आनापान, म्हणजे नैसर्गिक श्वासाच्या येण्याजाण्याकडे लक्ष, आणि चौथ्या दिवसापासून विपश्यना, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत क्रमाने संवेदना पाहणे, अशी विभागणी असते. घरी तासाच्या आत दोन्ही बसवावे लागते. मन बऱ्यापैकी स्थिर असेल तर थोड्या आनापानानंतर लगेच संवेदनांवर येता येते. मन उधळलेले असेल, कचेरीतले भांडण डोक्यात घोळत असेल, तर अर्धा तास किंवा संपूर्ण तासही श्वासावर राहायला हरकत नसते. गोयंका गुरुजींच्या सूचनांत याला पूर्ण मुभा आहे, आणि नवे साधक ती फारच कमी वापरतात. आनापान करणे म्हणजे खालच्या इयत्तेत परत जाणे, असे त्यांना उगाच वाटते. झोप येत असेल तर काही श्वास किंचित जोरात घ्यावेत, तरीही न सुटल्यास उठून तोंडावर पाणी मारावे, चार येरझाऱ्या घालून परत बसावे. शेवटची पाच मिनिटे मैत्रीसाठी. मन द्वेषाने भरलेले असेल किंवा अंग फार दुखत असेल त्या दिवशी मैत्री ओढूनताणून करू नये.

अठराव्या-विसाव्या मिनिटाला बहुतेकांच्या मनात एक विशिष्ट विचार येतो : तास झाला असेल, गजर लावायला आपण विसरलो तर नाही ना? डोळे किलकिले करून घड्याळ पाहिले जाते. वीस मिनिटे झालेली असतात. एकदा पाहिले की पुढच्या चाळीस मिनिटांत आणखी तीनदा पाहिले जाते. शिबिरात चौथ्या दिवसापासून सामूहिक बैठकीला अधिष्ठान असते, म्हणजे तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात-पाय सोडायचे नाहीत. घरी निदान डोळ्यांपुरते अधिष्ठान ठेवले तरी मोठे काम होते. गजर लावून मोबाइल हाताच्या अंतराबाहेर, उपडा ठेवावा आणि विमान अवस्थेत टाकावा. जुन्या साधकांसाठी सामूहिक साधनेच्या ध्वनिफिती उपलब्ध आहेत. सुरुवातीच्या सूचना आणि शेवटचे मैत्रीचे शब्द कानी पडले की तासाला दोन्ही टोके मिळतात आणि घड्याळाची आठवण कमी होते.

घरची साधना सोडून देण्यामागे आळसापेक्षा मोठे एक कारण असते, आणि त्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही. शिबिराच्या आठव्या-नवव्या दिवशी काहींना सर्वांगात सूक्ष्म संवेदनांचा प्रवाह जाणवतो. शरीर हलके होते, दुखणे विरघळल्यासारखे वाटते. घरी आल्यावर तीच व्यक्ती डोळे मिटते तेव्हा तिला खांद्यातला ठणका, पायाला आलेल्या मुंग्या आणि कपाळावरचा जडपणा एवढेच हाती लागते. पाठीचा मोठा भाग तर काहीच न कळता कोरा राहतो. मग ‘माझी साधना बिघडली’ असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष साधनेच्या मूळ तत्त्वाशीच विसंगत आहे. सुखद संवेदनेची ओढ आणि दुःखद संवेदनेचा तिटकारा या दोन्ही प्रतिक्रिया सैल करणे हेच तिथे शिकवलेले असते. प्रवाह मिळावा म्हणून बसणारा माणूस रोज तासभर ओढच पक्की करत असतो. शिबिरात रोज दहा तासांनी जी सूक्ष्मता आली ती घरी एका तासात यावी ही अपेक्षाही हिशेबाला धरून नाही.

मग प्रगती मोजायची कशाने? या परंपरेचे उत्तर समता असे आहे. कोणती संवेदना आली याला महत्त्व नाही, ती आल्यावर मन किती डोलले हे पाहायचे. आणि त्याची परीक्षा आसनावर कमी, बाहेर जास्त होते. सोसायटीच्या बैठकीत कोणी लागट बोलले तर पूर्वी त्याचा राग तीन दिवस पुरत असे, आता तो रात्रीपर्यंत ओसरतो का? राग येण्याआधी छातीत होणारी धडधड लक्षात येते का? अशा बारीक फरकांची नोंद सहा-आठ महिन्यांनी घ्यावी. रोज घेऊ नये. रोजची बैठक चांगली झाली की वाईट, याची डायरी ठेवणाऱ्यांचे बसणे लवकर बंद पडते, असेच दिसते.

दोन तास हा आकडा कितपत ताणून धरावा, हाही प्रश्न उरतोच. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात तणावमुक्तीचा सजगता कार्यक्रम सुरू केला. त्यात घरचा सराव दिवसाला सुमारे ४५ मिनिटे, आठवड्यातून सहा दिवस असा असतो. अशा कार्यक्रमांतल्या घरच्या सरावाचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सांगितलेल्या सरावापैकी सरासरी ६४ टक्के, म्हणजे दिवसाला अर्ध्या तासाच्या आसपास सराव लोकांनी केलेला दिसला, आणि सराव व लाभ यांचा संबंध लहान पण निश्चित आढळला. कार्यक्रम चालू असताना, दर आठवड्याला शिक्षक विचारत असतानाची ही स्थिती. तो संपल्यावरचा आकडा यापेक्षा चढा असण्याची शक्यता कमीच. विपश्यनेचे शिक्षक दोन तासांचाच आग्रह धरतात आणि त्यामागचा त्यांचा तर्क खरा आहे : पहिली वीस-पंचवीस मिनिटे मन खाली बसण्यातच जातात. मात्र ‘दोन तास नाही तर काहीच नाही’ अशी अट घालून घेणाऱ्यांच्या हाती बहुधा काहीच उरत नाही. सकाळचा तास अभंग ठेवून संध्याकाळी जमेल तेवढे बसणे, ही नोकरदाराला झेपणारी आणि पुढे वाढवता येणारी सुरुवात आहे.

एकट्याने बसणाऱ्याला आठवड्याची सामूहिक साधना सावरते. पुण्यात स्वारगेटजवळच्या धम्मपुण्य केंद्रात, मुंबईत गोराईच्या पॅगोड्यात आणि अनेक गावांत साधकांच्या घरी किंवा बुद्धविहारात अशा बैठका होतात. गोराईचा पॅगोडा २००९ मध्ये खुला झाला, आणि त्याच्या मधल्या खांबाविना उभ्या असलेल्या घुमटाखाली आठ हजार माणसे एका वेळी बसू शकतात. पण सामूहिक साधनेला दोन माणसेही पुरतात. तिथे गप्पा नसतात, उपदेश नसतो. तासभर बसायचे आणि उठून घरी जायचे. तेवढ्यानेही फरक पडतो, कारण शिबिरातली व्यवस्था तेवढा एक तास परत मिळते. एक दिवसाचे शिबिर हा त्याचाच मोठा प्रकार. त्याला फक्त जुने साधक, म्हणजे एक तरी दहा दिवसांचे शिबिर पूर्ण केलेले लोक, जाऊ शकतात. शिबिरात सेवा द्यायला गेलेल्यालाही रोज तीन सामूहिक बैठका कराव्या लागतात, आणि भाजी चिरताना, ताटे मांडताना, नव्या साधकांच्या तक्रारी ऐकताना समतेचा जो सराव होतो तो आसनावर होत नाही. घर आणि शिबिर यांच्यामधली ही जागा आहे. ज्यांची साधना वर्षानुवर्षे टिकली त्यांच्यात सेवा दिलेले पुष्कळ निघतात.

शील सांभाळण्याची बाब शिबिरात जाणवतही नाही. खोटे बोलायला कोणी समोर नसते आणि दारू मिळत नाही. घरी मात्र पंचशीलातले एकेक शील रोज समोर येते. परंपरेच्या दृष्टीने शील हा साधनेचा पाया आहे. तो नैतिक बडगा न मानताही एवढे कोणालाही पडताळून पाहता येते की ज्या दिवशी कोणाला फसवले किंवा तोडून बोललो, त्या संध्याकाळी श्वासावर मन टिकत नाही. दुसरी अडचण खास आपल्याकडची आहे. इथे नामस्मरण, प्राणायाम, योगनिद्रा, कुठली ना कुठली क्रिया घरोघरी चालू असते. गोयंका गुरुजींची सूचना विधींची सरमिसळ न करण्याची होती. आसने आणि व्यायाम यांना आडकाठी नाही, पण श्वास पाहताना मनात जप चालू ठेवला तर श्वास मागे पडतो आणि जप उरतो. दोन पद्धतींपैकी कोणती आपली, हे काही महिने प्रामाणिकपणे करून पाहून ठरवावे आणि ठरल्यावर तिच्यासोबत राहावे.

एक सावधगिरी आवश्यक आहे. शिबिराच्या उत्साहात काही जण घरी एकट्याने तीन-चार तास बसू लागतात, झोप आणि जेवण कमी करतात. बसल्यावर भीती दाटून येणे, रात्ररात्र झोप न लागणे, आपण आपल्यापासून तुटलो आहोत असे वाटणे, अशा अनुभवांची नोंद ध्यानावरच्या अलीकडच्या संशोधनात झालेली आहे. असे काही होऊ लागले तर बसण्याचा वेळ कमी करावा, डोळे उघडे ठेवून चालावे, शिबिर चालवणाऱ्या सहायक आचार्यांना कळवावे आणि त्रास टिकला तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. चालू असलेली मानसिक आजाराची औषधे साधनेच्या भरवशावर बंद करू नयेत. गंभीर मानसिक आजाराची माहिती शिबिराच्या अर्जातच मागितली जाते, ती याच कारणासाठी.

आणि बैठक महिनोन्‌महिने बंद पडली असेल तर? पुन्हा सुरू करताना थेट दोन तासांवर उडी मारू नये. पंधरा-वीस मिनिटे आनापान आठवडाभर, मग अर्धा तास, मग एखादे एक दिवसाचे शिबिर. तीन दिवसांची शिबिरेही जुन्या साधकांसाठी असतात. पूर्ण दहा दिवस काढायचे तर येण्या-जाण्यासह बारा दिवस मोजावे लागतात. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना त्यासाठी रजेची सवलत आहे, खासगी नोकरीत मात्र वर्षाची अर्जित रजा जवळपास संपते. दुसऱ्या शिबिरात जुना साधक म्हणून आठ शीले पाळायची असतात. दुपारनंतर जेवण नाही आणि पाच वाजता चहा-नाश्त्याऐवजी लिंबूपाणी. दुसरे शिबिर पहिल्यापेक्षा सोपे जाईल असे समजून गेलेल्यांची बहुधा निराशा होते; निदान काय होणार याची कल्पना असल्याने पहिले तीन दिवस पळून जावेसे वाटत नाही.

पुढच्या शिबिरांचा मार्ग मात्र घरातल्या तासावरूनच जातो. सतिपट्ठान शिबिरासाठी दहा दिवसांची तीन शिबिरे झालेली असावी लागतात आणि निदान वर्षभर याच विधीचा सराव चालू असावा लागतो. वीस दिवसांच्या आणि त्याहून मोठ्या शिबिरांच्या अटी आणखी कडक आहेत. त्यांत सेवेचाही समावेश असतो. जुन्या साधकाच्या अर्जात मागच्या शिबिरापासून रोज किती वेळ बसता, असा सरळ प्रश्न असतो, आणि प्रवेश देताना हे उत्तर पाहिले जाते.